बँड दिसतोय, पण क्लस्टर आहे का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात लोह-गंधक क्लस्टरवर (लोखंड आणि गंधकाच्या अणूंचा छोटा गट, जो अनेक प्रोटीन्सना काम करायला लागतो) लेख आला होता, पेशी हे क्लस्टर कुठे आणि कशी बांधते एवढंच त्यात होतं. त्यावर जे प्रश्न आले त्यातले बरेचसे अँटिबॉडीबद्दलचे (ठरावीक प्रोटीन ओळखून त्याला चिकटणारं प्रोटीन) निघाले आणि मला त्याचं बरं वाटलं, कारण या विषयात सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. सारखे प्रश्न एकत्र केलेत. काहींना लांब उत्तर दिलंय, काहींना दोन ओळीत, रागावू नका.

प्रश्न : मॅडम, मी बीएस्सीला आहे. लोखंडाचे आणि गंधकाचे दोन-चार अणू जोडायला एवढी डझनभर प्रोटीन्स कशाला लागतात? टेस्ट ट्यूबमध्ये तर ते आपोआप जुळतात असं वाचलं.

बरोबर वाचलंत, ऑक्सिजन नसलेल्या ट्यूबमध्ये लोह, सल्फाइड आणि योग्य प्रोटीन एकत्र ठेवलं तर क्लस्टर आपोआप बसतो. पण पेशीत मोकळं लोह आणि मोकळं सल्फाइड दोन्ही विषारी, त्यामुळे पेशी त्यांना कधी मोकळं सोडतच नाही, हातोहात देते. मायटोकॉन्ड्रियात एनएफएस१ नावाचं एन्झाइम सिस्टीन या अमिनो आम्लातून गंधक काढतं, त्याला आयएसडी११ आणि एसीपी या दोन छोट्या प्रोटीन्सचा आधार लागतो, गंधक जातं आयएससीयूवर, तिथेच लोह येतं, फ्रॅटॅक्सिन हे गंधक देण्याचा वेग वाढवतं, फेरेडॉक्सिन इलेक्ट्रॉन पुरवतं, आणि दोन लोह दोन गंधकाचा पहिला क्लस्टर तयार होतो. मग एचएससी२० आणि एचएसपीए९ ही चॅपरोनची (इतर प्रोटीन्सना मदत करणाऱ्या प्रोटीन्सची) जोडी तो आयएससीयूवरून सोडवून पुढे ग्लुटारेडॉक्सिन ५ कडे देते. चार लोह चार गंधकाचा क्लस्टर हवा असेल तर आयएससीए१, आयएससीए२, आयबीए५७, आणि शेवटी एनएफयू१, बोला३ वगैरे मंडळी. सायटोसॉल (मायटोकॉन्ड्रियाबाहेरचा पेशीतला द्रव) आणि न्यूक्लियसमधल्या प्रोटीन्ससाठी अजून एक वेगळी यंत्रणा आहे, सीआयएओ१ आणि एमएमएस१९ ही नावं तिथली. डीएनए पॉलिमरेज डेल्टा आणि एक्सपीडी हेलिकेजसारखी डीएनएशी संबंधित प्रोटीन्ससुद्धा क्लस्टरवर चालतात हे कळल्यावर या विषयाचं वजन लक्षात येतं.

खाली जे प्रश्न आहेत त्यांच्यासाठी एक फरक डोक्यात ठेवा : काही प्रोटीन्स क्लस्टर बांधतात, काही प्रोटीन्स तो वापरतात. अँटिबॉडी निवडताना हा फरक विसरला की पुढचं सगळं विस्कटतं.

प्रश्न : मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एसआयआरएनए (ठरावीक जनुकाचा संदेश मोडणारा छोटा आरएनए) वापरून आयएससीयू कमी केलं, वेस्टर्नमध्ये (जेलवर वेगळ्या केलेल्या प्रोटीन्सवर अँटिबॉडी लावून हवं ते प्रोटीन रेघेसारख्या बँडने दाखवणारी पद्धत) आयएससीयूचा बँड जवळपास गेलाय, पण मायटोकॉन्ड्रियल अ‍ॅकोनिटेजचा बँड कंट्रोलइतकाच आहे. गाइड म्हणतात की मग क्लस्टरवर परिणाम झालेलाच नाही. खरंच का?

नाही, आणि तुमच्या गाइडना हे नम्रपणे पण ठामपणे सांगा. वेस्टर्न ब्लॉटमध्ये आपण सॅम्पल एसडीएस या डिटर्जंटमध्ये उकळतो, प्रोटीन पूर्ण उलगडतं, क्लस्टर तिथेच गळून पडतो, आणि मग अँटिबॉडी त्या उलगडलेल्या साखळीतला आठ-दहा अमिनो आम्लांचा एखादा तुकडा ओळखते. त्या तुकड्याला क्लस्टर होता की नव्हता याची काही खबर नसते. हजेरीपटावर नाव आहे म्हणजे काम झालं असं जसं नाही, तसंच अ‍ॅकोनिटेजचा बँड आहे म्हणजे त्यात क्लस्टर आहे असं नाही. अ‍ॅकोनिटेजची साखळी क्लस्टरशिवायही बऱ्याचदा टिकून राहते, फक्त एन्झाइम काम करत नाही. म्हणून तिथे बँडबरोबर अ‍ॅक्टिव्हिटी मोजावीच लागते, जेलमध्येच रंग येणारी पद्धत आहे, ती मला आवडते कारण त्यात मायटोकॉन्ड्रियल आणि सायटोसॉलचं अ‍ॅकोनिटेज वेगवेगळं दिसतं.

पण याचा अर्थ अँटिबॉडी निरुपयोगी आहे असा अजिबात नाही. उलट, प्रश्न बदलला तर अँटिबॉडीसारखं हत्यार नाही. जी प्रोटीन्स क्लस्टर नसला की मोडून जातात, किंवा क्लस्टर नसला की ज्यांच्यावरची खूण नाहीशी होते, त्यांच्यावर अँटिबॉडी लावा. मी सगळ्यात आधी जिच्याकडे वळते ती म्हणजे लिपोइक अ‍ॅसिडवरची अँटिबॉडी. ही कुठल्या एका प्रोटीनवर नाही, तर लिपोइक अ‍ॅसिड जोडलेल्या लायसिनवर बसते. मायटोकॉन्ड्रियाचं सॅम्पल चालवलं की साधारण ७० केडीएला (किलोडाल्टन, प्रोटीनच्या वजनाचं माप) पायरुव्हेट डिहायड्रोजिनेजचं ई२ आणि ५० केडीएच्या आसपास अल्फा कीटोग्लुटारेट डिहायड्रोजिनेजचं ई२, असे दोन ठळक बँड दिसतात. हे लिपोइक अ‍ॅसिड बनवतं लिपॉइल सिंथेज, ते स्वतः लोह-गंधक एन्झाइम आहे आणि गंमत म्हणजे गंधकाचे दोन अणू पुरवायला ते स्वतःचाच एक क्लस्टर मोडतं, म्हणजे प्रत्येक फेरीनंतर त्याला नवा क्लस्टर लागतो. २०१७ साली ई. कोलायच्या एन्झाइमवर काम करणाऱ्यांनी दाखवलं की हा मोडलेला क्लस्टर एनएफयूए परत भरून देतं, आपल्या एनएफयू१ चाच तो नातेवाईक. त्यामुळे क्लस्टरचा पुरवठा जरा आटला की लिपोइक अ‍ॅसिडचे बँड लवकर फिके पडतात.

आता तुमच्या ब्लॉटवर हे असं करा. एकाच सॅम्पलचे दोन ब्लॉट, एकावर लिपोइक अ‍ॅसिडची अँटिबॉडी, दुसऱ्यावर पायरुव्हेट डिहायड्रोजिनेज ई२ च्या प्रोटीनवरची. लिपोइकचा ७० चा बँड गेला आणि ई२ प्रोटीनचा बँड जागच्या जागी आहे, असं दिसलं की प्रोटीन आहे पण त्यावरची खूण नाही, हे एका नजरेत कळतं. त्याच्या जोडीला एसडीएचबी लावा. कॉम्प्लेक्स दोनच्या, म्हणजेच सक्सिनेट डिहायड्रोजिनेजच्या, या उपघटकात तीन क्लस्टर असतात आणि ते न मिळाल्यास साखळी टिकत नाही, बँड उतरतो. फेरोकेलाटेजचंही तसंच. एसडीएचबीचा हा गुण पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये रोज वापरला जातो, पॅरागँग्लिओमासारख्या गाठींच्या कापांवर एसडीएचबीचा रंग गेला असेल तर सक्सिनेट डिहायड्रोजिनेजच्या कुठल्या ना कुठल्या जनुकात बिघाड असल्याची दाट शंका घेतात.

सायटोसॉलच्या बाजूने बघायचं असेल तर फेरिटिन (लोह साठवणारं) आणि ट्रान्सफेरिन रिसेप्टर १ (लोह पेशीत घेणारं). सायटोसॉलचं अ‍ॅकोनिटेज क्लस्टर गमावलं की आयआरपी१ बनतं, ते फेरिटिनच्या एमआरएनएच्या सुरुवातीला बसून त्याचं भाषांतर अडवतं आणि ट्रान्सफेरिन रिसेप्टरच्या एमआरएनएच्या शेपटाला बसून तो टिकवतं. म्हणून ब्लॉटवर फेरिटिन खाली आणि रिसेप्टर वर असं चित्र येतं. पण थांबा, साध्या लोहाच्या कमतरतेतसुद्धा अगदी हेच चित्र दिसतं. नुसत्या फेरिटिनवरून निष्कर्ष काढू नका, मीडियात (पेशी ज्यात वाढतात त्या द्रवात) लोह वाढवून बघा, फेरिटिन झटकन वर आलं तर पेशी उपाशी होती, यंत्रणा मोडलेली नव्हती.

आणि वेळेचा मुद्दा. आयएससीयूचा बँड गेला त्याच दिवशी क्लस्टर वापरणारी प्रोटीन्स कोसळत नाहीत, आधी बनलेली प्रोटीन्स क्लस्टर घेऊन बसलेली असतात आणि ती जुनी होऊन मोडेपर्यंत दिवस जातात. या क्षेत्रातले लोक म्हणूनच एसआयआरएनए एकदा देऊन थांबत नाहीत, तीन-तीन दिवसांच्या अंतराने पुन्हा देतात. तुम्ही ४८ तासांनी पेशी तोडल्या असतील तर आधी तेच बदला.

प्रश्न : फ्रॅटॅक्सिनचा वेस्टर्न करतोय आणि तीन बँड येतात, कधी दोन. कंपनीच्या डेटाशीटवर एकच सुंदर बँड आहे. माझी अँटिबॉडी खराब आहे का?

कदाचित अजिबात खराब नाही. फ्रॅटॅक्सिन २१० अमिनो आम्लांचं बनतं, साधारण २३ केडीए, मायटोकॉन्ड्रियात शिरल्यावर त्याचं दोन टप्प्यांत कापकाम होतं, मधला तुकडा ४२ ते २१०, साधारण १९ केडीए, आणि शेवटचा पक्का फ्रॅटॅक्सिन ८१ ते २१०, साधारण १४ केडीए. तिन्ही एकत्र दिसू शकतात, विशेषतः तुम्ही प्लाझमिडमधून भरपूर फ्रॅटॅक्सिन बनवलं असेल तर कापणारं एन्झाइम मागे पडतं आणि वरचे बँड साचतात. बरीच वर्षं पक्का फ्रॅटॅक्सिन ५६ पासून सुरू होतो असं मानलं जायचं, २००७-०८ च्या सुमारास ते ८१ वर स्थिरावलं, त्यामुळे जुने पेपर वाचताना बँडला दिलेली नावं जपून वाचा. शिवाय हे प्रोटीन आम्लधर्मी आहे, जेलमध्ये अपेक्षेपेक्षा थोडं वरच थांबतं.

म्हणून अँटिबॉडी घेताना ती कुठल्या तुकड्यावर बनवलीये ते विचारा. पहिल्या ८० अमिनो आम्लांवर बनवलेली असेल तर पक्का फ्रॅटॅक्सिन तिला कधीच दिसणार नाही, आणि तुम्ही "फ्रॅटॅक्सिन नाहीये" असं लिहून मोकळे व्हाल. हे आयएससीयू, एनएफएस१, एनएफयू१ सगळ्यांना लागू आहे, मायटोकॉन्ड्रियात जाणाऱ्या या सगळ्यांचं पुढचं टोक कापलं जातं.

छोट्या प्रोटीन्सचा दुसरा त्रास म्हणजे ती ट्रान्सफरमध्ये मेम्ब्रेनमधून आरपार निघून जातात. ०.४५ मायक्रॉनचं मेम्ब्रेन सोडा, ०.२ चं पीव्हीडीएफ घ्या, जेल १५ टक्क्यांचं किंवा ट्रायसीनचं, ट्रान्सफरचा वेळ कमी करा, आणि एकदा तरी एकामागे एक दोन मेम्ब्रेन लावून बघा, मागच्या मेम्ब्रेनवर बँड उमटला तर तुमचं फ्रॅटॅक्सिन कुठे जात होतं ते कळेल. फ्रॅटॅक्सिन आणि आयएससीयू जवळजवळ एकाच उंचीवर येतात, त्यामुळे एकच मेम्ब्रेन धुऊन दुसरी अँटिबॉडी लावण्याचा मोह टाळा, पहिला सिग्नल पूर्ण गेला नसेल तर तोच परत दिसतो आणि आपण त्याला दुसऱ्याचं नाव देतो.

प्रमाण काढायचं असेल, म्हणजे "फ्रॅटॅक्सिन ३० टक्के उरलं" असं लिहायचं असेल, तर त्याच ब्लॉटवर कंट्रोलचं सॅम्पल १००, ५०, २५, १२.५ टक्के असं उतरत्या क्रमाने चालवा. केमिल्युमिनिसन्स लवकर सॅच्युरेट होतं आणि गडद बँडमधला दुपटीचा फरक दिसतच नाही. ही चार लेनची पायरी ज्या ब्लॉटवर नाही त्यावरची टक्केवारी मी तरी मनावर घेत नाही. लोडिंग कंट्रोल म्हणून फक्त अ‍ॅक्टिन नको, व्हीडीएसी किंवा टॉम२० ही मायटोकॉन्ड्रियाची प्रोटीन्स पण लावा, नाहीतर मायटोकॉन्ड्रियाच कमी झालेत की त्यातलं प्रोटीन कमी झालंय हे कळायला मार्ग नाही.

प्रश्न : अँटिबॉडी खरी आहे हे सिद्ध करायला नॉकआऊट पेशी दाखवा असं रिव्ह्यूअर म्हणतात. पण ही जनुकं काढली तर पेशीच मरतात. मग काय करायचं?

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण रिव्ह्यूअरचं म्हणणं तत्त्वतः बरोबर आहे. २०१६ साली तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने अँटिबॉडी तपासायचे पाच मार्ग मांडले. पहिला जनुक काढून किंवा कमी करून बघणं, दुसरा अँटिबॉडी न वापरता केलेल्या मोजणीशी ताडून बघणं, तिसरा त्याच प्रोटीनच्या वेगळ्या भागावर बसणारी दुसरी स्वतंत्र अँटिबॉडी, चौथा टॅग लावलेलं प्रोटीन, पाचवा आयपी (इम्युनोप्रेसिपिटेशन, अँटिबॉडीने हवं ते प्रोटीन बाहेर ओढणं) करून मास स्पेक्ट्रोमेट्रीने काय आलं ते ओळखणं. पाचही करा असं कुणी म्हणत नाही, आणि तुमच्या प्रयोगाला लागू होईल तो मार्ग निवडायचा असतो. ब्लॉटमध्ये चाललेली अँटिबॉडी मायक्रोस्कोपखाली चालेलच असं नाही, तिथे ती परत तपासावी लागते.

तुमच्या बाबतीत नॉकडाऊन, म्हणजे जनुक पूर्ण न काढता फक्त कमी करणं, पुरेसं आहे, पण दोन वेगवेगळ्या एसआयआरएनएनी. दोन्हींनी तोच बँड त्याच प्रमाणात उतरला, आणि एसआयआरएनएला न जुमानणारं जनुक परत दिल्यावर तो परत आला, तर रिव्ह्यूअरला बोलायला जागा उरत नाही. प्रोटीनला डिग्रॉन टॅग लावून काही तासांत ते मोडायला लावणं हाही चांगला मार्ग, पेशी मरायच्या आत सॅम्पल हाती येतं. फ्रॅटॅक्सिनसाठी तर अजून एक वाट आहे. २०१९ साली असं दिसलं की फ्रॅटॅक्सिन पूर्ण काढलेल्या मानवी पेशी १ टक्का ऑक्सिजनमध्ये वाढू शकतात. म्हणजे कमी ऑक्सिजनचा इन्क्युबेटर असेल तर फ्रॅटॅक्सिनचा खराखुरा नॉकआऊट कंट्रोल मिळू शकतो, ज्या जनुकाशिवाय उंदराचा गर्भसुद्धा जगत नाही त्याचा. मात्र कंट्रोल पेशीही त्याच १ टक्का ऑक्सिजनमध्ये वाढवलेल्या हव्यात, नाहीतर तुम्ही ऑक्सिजनचा परिणाम मोजत बसाल.

आणि हे करताना प्रत्येक अँटिबॉडीचा कॅटलॉग नंबर, लॉट नंबर, आरआरआयडी (अँटिबॉडीचा ठरलेला ओळख क्रमांक) वहीत लिहा. पॉलिक्लोनलमध्ये (अनेक अँटिबॉडींच्या मिश्रणात) तर लॉट बदलला म्हणजे अँटिबॉडी बदलली असंच धरा.

प्रश्न : मोनोक्लोनल घ्यावी की पॉलिक्लोनल? आणि आम्ही स्वतः सशात बनवली तर?

ब्लॉटसाठी आणि वर्षानुवर्षं तीच तुलना करायची असेल तर रिकॉम्बिनंट मोनोक्लोनल (ठरलेल्या जनुकापासून बनवलेली एकच अँटिबॉडी), कारण ती संपत नाही आणि बदलत नाही. आयपीसाठी चांगली पॉलिक्लोनल अजूनही उजवी ठरू शकते, एक जागा झाकली गेली असेल तर दुसऱ्या जागी पकडते.

सशात बनवायची असेल तर दोन गोष्टी आधी कळू द्या. आयएससीयू हे उत्क्रांतीत फारसं न बदललेलं प्रोटीन आहे, सशाचं आणि माणसाचं इतकं सारखं की सशाची प्रतिकारशक्ती त्याला परकं मानायलाच तयार नसते आणि सिरम कमजोर येतं. पूर्ण प्रोटीनऐवजी त्यातला जरा बदललेला तुकडा शोधून, त्याला मोठ्या कॅरियर प्रोटीनला जोडून द्या. दुसरं, तुमचं प्रोटीन ई. कोलायमध्ये बनवलेलं असणार, आणि ई. कोलायकडे स्वतःचं आयएससीयू आहे, आपल्यासारखंच. शुद्धीकरण कच्चं असेल तर त्याच्यावर आणि ई. कोलायच्या बाकी प्रोटीन्सवरसुद्धा अँटिबॉडी तयार होते. मग पुढे कधी ई. कोलायमध्ये मानवी आयएससीयू बनतंय का हे त्याच सिरमने बघायला गेलात की इंडक्शन न केलेल्या (मानवी प्रोटीन बनवायला न लावलेल्या) लेनमध्येही बँड दिसतो आणि सगळे डोकं धरून बसतात. सिरम अ‍ॅफिनिटी कॉलमवरून काढा, आणि इम्युनायझेशनच्या आधीचं सिरम जपून ठेवा, कंट्रोल म्हणून त्याला दुसरा पर्याय नाही.

प्रश्न : एनएफएस१ ची आयपी करतेय. आयएससीयू सोबत यायला हवं ना? येत नाही. शिवाय एनएफएस१ चा बँडच नीट दिसत नाही, तिथे मोठा ढग असतो.

ढग म्हणजे तुमच्याच अँटिबॉडीची हेवी चेन. ही अँटिबॉडी डीटीटी या रसायनाने तुटली की ५० केडीएची हेवी चेन आणि २५ ची लाइट चेन मोकळी होते, आणि एनएफएस१ बसतं ५० च्या जरासं खाली. सगळ्यात सोपा उपाय, आयपी सशाच्या अँटिबॉडीने करा आणि ब्लॉट उंदराच्या अँटिबॉडीने, सेकंडरी अशी घ्या की सशाच्या अँटिबॉडीला चिकटणार नाही. नाहीतर अँटिबॉडी बीड्सला क्रॉसलिंक करा, किंवा फक्त लाइट चेन ओळखणारी सेकंडरी घ्या. बायोटिन लावलेली अँटिबॉडी आणि स्ट्रेप्टाव्हिडिनने बघायचा विचार असेल तर सावध, मायटोकॉन्ड्रियात पायरुव्हेट कार्बोक्सिलेजसारखी प्रोटीन्स जन्मतःच बायोटिन घेऊन असतात आणि त्यांचे बँड १३० आणि ७५ केडीएच्या आसपास आपोआप येतात.

आयएससीयू का येत नाही याची कारणं बरीच असू शकतात पण मी आधी तीन बघेन. डिटर्जंट कडक आहे का, आरआयपीए हे कडक बफर वापरत असाल तर सोडा, डिजिटोनिनसारखं मवाळ काहीतरी घ्या. अँटिबॉडी जिथे बसते तिथेच जोडीदार बसतो का, उदाहरणार्थ आयएससीयूमध्ये एलपीपीव्हीके अशी पाच अमिनो आम्लांची जागा आहे, चॅपरोन तिलाच धरतो, त्या जागेवरच्या अँटिबॉडीने आयपी केली तर चॅपरोन कधीच सोबत येणार नाही आणि "ही दोन भेटतच नाहीत" असा चुकीचा शोध लागेल. तिसरं, ही भेट क्षणिक असते, गंधक दिलं की आयएससीयू सुटतं. दोन्ही टोकांकडून आयपी करा, टॅग लावलेल्या प्रोटीननेही करा, आणि बीड्स-फक्त कंट्रोल कधीही वगळू नका.

आता आयपीचा तो उपयोग सांगते जो मला या सगळ्या क्षेत्रातला सगळ्यात देखणा प्रयोग वाटतो. यीस्ट लोह कमी असलेल्या मीडियात वाढवायचं, मग किरणोत्सारी लोह-५५ थोडा वेळ द्यायचं, पेशी फोडायच्या, आणि हव्या त्या प्रोटीनवरची अँटिबॉडी लावलेल्या बीड्सनी फक्त तेच प्रोटीन बाहेर ओढायचं, सौम्य वातावरणात, न उकळता, म्हणजे क्लस्टर त्यातच राहतो. मग सिंटिलेशन काउंटरमध्ये मोजायचं की त्या प्रोटीनसोबत किती लोह-५५ आलं. जर्मनीतल्या रोलांड लिल यांच्या गटाने १९९९ साली या पद्धतीने दाखवलं की मायटोकॉन्ड्रियातलं एनएफएस१ कमी केलं तर सायटोसॉलमधल्या ल्यू१ या प्रोटीनलाही क्लस्टर मिळत नाही. इथे अँटिबॉडी क्लस्टर बघत नाही, ती फक्त योग्य प्रोटीन निवडून देते, आणि क्लस्टरची साक्ष लोह देतं. त्याच सॅम्पलचा ब्लॉट करून प्रोटीन किती आलं तेही बघायचं, तरच आकड्याला अर्थ. लोह-५५ चं अर्धायुष्य २.७ वर्षांचं आहे, त्यामुळे परवानगी, वेगळी जागा आणि कचऱ्याची सोय याशिवाय हात लावू नका.

प्रश्न : आयएससीयू सायटोसॉलमध्ये पण असतं का? दोन पेपर, दोन उत्तरं.

हा वाद खराच आहे आणि तो बऱ्याच अंशी अँटिबॉडीवरच उभा आहे. मानवी आयएससीयूच्या एमआरएनएचे दोन प्रकार आहेत, एकात मायटोकॉन्ड्रियात नेणारा पुढचा भाग नाही, त्यावरून काही प्रयोगशाळा म्हणतात की सायटोसॉलमध्येही स्वतंत्र यंत्रणा आहे, दुसऱ्या म्हणतात की तिथे जे दिसतं ते फारच थोडं किंवा मायटोकॉन्ड्रियातून गळलेलं. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, म्हणजे मुख्य काम मायटोकॉन्ड्रियातच होतं, पण पहिल्या बाजूचे प्रयोग झटकून टाकावेत असे नाहीत.

तुम्ही स्वतः बघणार असाल तर सायटोसॉलच्या भागात मॅट्रिक्समधल्या एखाद्या मुबलक प्रोटीनची, उदाहरणार्थ एचएसपी६० ची अँटिबॉडी लावा, आणि तितक्याच लांब एक्स्पोजरने बघा जितकं आयएससीयूला दिलंत. बहुतेक ब्लॉटमध्ये मार्कर पाच सेकंदांचा आणि हवा तो बँड पाच मिनिटांचा असतो, तिथेच फसगत आहे. मायक्रोस्कोपीत एक सोपी युक्ती : पॅराफॉर्मल्डिहाइडने फिक्स केल्यावर अर्ध्या कव्हरस्लिपांना ट्रायटन आणि अर्ध्यांना कमी डिजिटोनिन द्या. डिजिटोनिन पेशीचा बाहेरचा पडदा उघडतं पण मॅट्रिक्सपर्यंत अँटिबॉडीला जाऊ देत नाही, मग जे रंगलं ते मायटोकॉन्ड्रियाच्या आतलं नाही. नॉकडाऊन पेशीत तोच रंग उतरला तरच त्यावर विश्वास ठेवा.

प्रश्न : माझ्या मुलाला फ्रीडरिक अ‍ॅटॅक्सिया असल्याची शंका डॉक्टरांनी सांगितली आहे. रक्तातलं फ्रॅटॅक्सिन अँटिबॉडीने मोजतात असं वाचलं. ती टेस्ट करून घेऊ का? माझं स्वतःचं कमी आलं तर मलाही आजार होईल का?

तुमची घालमेल समजते. हा फ्रॅटॅक्सिन कमी पडल्याने होणारा आनुवंशिक आजार आहे. आधी सरळ उत्तर, निदान जनुकाच्या तपासणीने होतं, अँटिबॉडीने नाही. फ्रॅटॅक्सिनच्या जनुकाच्या पहिल्या इंट्रॉनमध्ये जीएए या तीन अक्षरांची पुनरावृत्ती वाढलेली असते, हे १९९६ साली कळलं, आणि बहुतेक रुग्णांमध्ये दोन्ही प्रतींमध्ये ती वाढलेली असते. थोड्या रुग्णांमध्ये एका प्रतीत ही वाढ आणि दुसऱ्या प्रतीत वेगळा बिघाड असतो, तिथे तपासणी अजून खोल करावी लागते, आणि अशा वेळी फ्रॅटॅक्सिनचं प्रमाण मोजल्याने डॉक्टरांना मदत होऊ शकते.

तुमच्याबद्दल, आई-वडील साधारणपणे वाहक असतात, एक प्रत बिघडलेली आणि एक चांगली. वाहकांमध्ये फ्रॅटॅक्सिन साधारण निम्मं असतं आणि ते निरोगी असतात. तुमचा आकडा कमी आला म्हणून तुम्हाला आजार होणार असं नाही, तो आकडा एकटा पाहून घाबरू नका.

आणि आकड्यांची तुलना करताना एक काळजी घ्या. तपासण्या वेगवेगळ्या पद्धतीच्या असतात, काही पांढऱ्या पेशींवर, काही पूर्ण रक्तावर, काही गालाच्या आतून घेतलेल्या पेशींवर. तांबड्या पेशींमध्ये मायटोकॉन्ड्रिया नसतात, पण २०१८ साली असं दिसलं की त्यांच्यात फ्रॅटॅक्सिनचा एक वेगळा प्रकार असतो जो मायटोकॉन्ड्रियात जात नाही, पूर्ण रक्त मोजलं की तोही मोजला जातो. म्हणून एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशेजारी ठेवून बरं-वाईट ठरवू नका. मुलाच्या न्यूरॉलॉजिस्टना जीएए तपासणीबद्दल विचारा, जेनेटिक काउन्सेलरची भेट मागा, आणि निदान झालं तर हृदयाची तपासणी लांबवू नका, या आजारात हृदयाच्या स्नायूवरही परिणाम होतो. १६ वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या रुग्णांसाठी ओमाव्हेलोक्सोलोन या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये मंजुरी मिळाली आहे, तुमच्या मुलाच्या बाबतीत ते लागू आहे का हे त्यांनाच विचारा.

प्रश्न : सगळे प्रयोग ऑक्सिजन नसलेल्या ग्लोव्ह बॉक्समध्ये करायला हवेत का? आमच्याकडे नाहीये.

एसडीएस ब्लॉटसाठी अजिबात नको, तिथे क्लस्टर तसाही गेलेलाच असतो. लिपोइक अ‍ॅसिड, एसडीएचबी, फेरिटिन हे सगळं साध्या बेंचवर होतं, त्यामुळे ग्लोव्ह बॉक्स नसलेल्या लॅबलाही या विषयात खूप काम करता येतं. क्लस्टर शाबूत ठेवून शुद्ध प्रोटीन हवं असेल, ४२० नॅनोमीटरच्या आसपासचा तपकिरी रंग मोजायचा असेल किंवा ईपीआर (क्लस्टरमधले इलेक्ट्रॉन बघण्याची पद्धत) करायचं असेल, तेव्हा मात्र बॉक्स लागतो, आणि त्यासाठी ज्यांच्याकडे तो आहे अशा लॅबशी बोलून घ्या, सॅम्पल घेऊन जायच्या आधी त्यांना लिपोइकचा ब्लॉट दाखवा.